रापू पाण्याबाहेर का आले

पाण्यातला प्राणी पाणी सोडून गवतावर चालत आला, तर माणसाने काय समजायचं? मी तरी काही समजले नाही. काउकोसाठी राय धान्याचा काळा पाव घेऊन निघाले होते. सकाळची वेळ, कानाशी डास भुणभुणत होते, आणि तळ्याकाठच्या ओल्या गवतात काहीतरी खुडबुडलं. बेडूक असेल म्हणून पाय आपटला. बेडूक नव्हता, रापू होता. त्याच्यामागे आणखी एक, पलीकडे आणखी, आणि सगळे पाण्याकडे पाठ करून चाललेले.

रापू म्हणजे आमच्याकडचा गोड्या पाण्यातला झिंगा. अंगाने दणकट, रंगाने काळपट, पुढे दोन जाड नांग्या. एरवी हा गडी दिवसाउजेडी दगडाखालून मिशीही बाहेर काढत नाही. आणि इथे स्वारी उन्हात फिरायला निघालेली.

"हिल्का, पाय बघून टाक!" काउको ओरडला. माझा थोरला भाऊ. काठावर गुडघे टेकून बसला होता. एकेक रापू पाठीला धरून उचलायचा आणि परत पाण्यात सोडायचा. थोड्या वेळाने तोच रापू पुन्हा वर.

"अरे, हे काय चाललंय?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

एरवी मीही उलट टोला दिला असता. पण तो मान वर करून बघतही नव्हता. पाव कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि मीही रापू उचलायला लागले.

हे रापू साधेसुधे नव्हते. मोठ्या सरोवरात रोग पसरून तिथले रापू साफ मेले. त्याच्या जरा आधीच काउकोच्या बायकोने, औनेने, काही रापू टोपलीत ओल्या शेवाळात ठेवून आणले आणि घरामागच्या या तळ्यात सोडले. लोक हसले होते. औनेने मात्र ते जपले. रोज संध्याकाळी काठावर बसून त्यांच्याशी बोलायची. नवऱ्याशी बोलायची त्याहून जास्त, असं काउकोच सांगायचा. आता आसपासच्या कुठल्याही पाण्यात देशी रापू उरलेला नाही, आहेत ते एवढेच. आणि या एप्रिलमध्ये, बर्फ फुटायच्या दिवसांत, औने गेली. तिचं म्हणून जिवंत असं काउकोकडे हेच राहिलं होतं. हे मेले तर काउकोचं काय होईल?

"आर्मास," काउको दातओठ खात म्हणाला. "दुसरं कोण?"

आर्मास म्हणजे शेजारी. त्याच्या रानातल्या दलदलीचं पाणी एका चरातून उतरतं आणि आमच्या तळ्यात येतं. ते पाणी आधीपासून तपकिरीच, पण गेल्या शरद ऋतूत त्याने चर खोल खणून घेतला आणि तेव्हापासून तर नुसता कडक चहा येतो. खणण्याआधी त्याने विचारलं नाही म्हणून काउकोने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आर्मासनेही मग बोलणं टाकलं. दोघे दुकानात एकाच रांगेत उभे राहून छताकडे बघायचे.

"चराचं पाणी तर वर्षभर येतंय," मी म्हणाले. "मग रापू आत्ताच का निघाले?"

"आता साठलं असेल. तू त्याची बाजू घेऊ नकोस."

"मी कुणाचीच बाजू घेत नाहीये. मला कळत नाहीये, म्हणून विचारतेय."

"या गावाला काही पडलेलं नाही, हिल्का. औनेला पुरलं, कॉफी प्यायले, हवापाण्यावर बोलले आणि गेले. त्यानंतर एक माणूस दारात आला नाही. एकाने तिचं नाव घेतलं नाही. आता तिचे रापू मरतायत, तर कुणाला काय?"

खरंच कुणी आलं नव्हतं. मी येत होते, पण मीही पाव ठेवायचे आणि पावाबद्दलच बोलायचे.

काउकोने फावडं आणलं. चराच्या तोंडाशी दगड, माती, गवताची ढेकळं टाकून त्याने बांध घातला. मीही दगड दिले. राग आला की जड वस्तू उचलायला बरं वाटतं. संध्याकाळपर्यंत तपकिरी पाणी यायचं बंद झालं आणि काठाजवळ तळाची वाळू दिसायला लागली. काउको तिच्याकडे बघत उभा राहिला. "बघ, कसं स्वच्छ झालं," म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याने माझ्यासमोर पावाचा तुकडा मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवतावर आधीपेक्षा जास्त रापू होते.

आता मात्र माझं डोकंच चालेना. घाण पाणी अडवलं, पाणी स्वच्छ झालं, आणि रापू जास्त जोरात पळतायत! काही तर काठावरच मरून पडले होते. काउको कालसारखाच राबत होता. उचलत होता, पाण्यात सोडत होता, पुन्हा उचलत होता. तेवढ्यात बांधाच्या पलीकडून आर्मास आला, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. काउकोकडे न बघता मला म्हणाला, "हिल्का, त्याला सांग, माझे बटाटे पोहायला शिकतायत."

"आर्मासला सांग, माझे रापू चालायला शिकलेत," काउको म्हणाला.

"मी काय टपाल आहे?" मी भडकले. "समोरासमोर उभे आहात, तोंडं आहेत ना?"

काउकोने पुढचा रापू उचलला. आर्मास गवतावरच्या मेलेल्या रापूंकडे बराच वेळ बघत राहिला. काहीतरी म्हणेल असं वाटलं, पण वळून चालता झाला. बांधाला त्याने हात लावला नाही, हेही मला कोड्यात टाकून गेलं. मी त्याच्या जागी असते तर लाथ घालून फोडला असता.

मग मी सरोवर संशोधन केंद्राला फोन केला. तिथून वेन्ला आली. माझ्या मुलीच्या वयाची, उंच बूट आणि बाटल्यांची पेटी घेतलेली. धक्क्यावरून तिने एक तार पाण्यात सोडली, हातातल्या डबीवरचा आकडा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यात श्वास घ्यायला जवळजवळ काहीच नाही," ती म्हणाली. "म्हणून ते बाहेर येतायत. गुदमरतायत. काउको, त्यांना परत पाण्यात सोडू नकोस. ओल्या शेवाळात सावलीला ठेव, तसे काही दिवस तगतात."

काउकोच्या हातात तेव्हा एक रापू होता. तो त्याच्याकडे बघत राहिला. इतके दिवस तो प्रत्येकाला प्रेमाने उचलून गुदमरायला परत पाठवत होता.

"पण हवा गेली कुठे?" मी विचारलं.

"जीवाणूंनी ओढली. पाण्यात ते नेहमीच असतात. पाला, मुळं, लाकूड यांच्यातून जे पाण्यात विरघळतं, ते त्यांचं खाणं. दिसत नाही, गाळलं तरी निघत नाही, पण असतं. भरपूर मिळालं की ते भराभर वाढतात, आणि वाढताना पाण्यातला प्राणवायू संपवतात."

"मग झालं तर!" काउको उसळला. "चराचं पाणी बघ. पालाच विरघळलाय त्यात. मी काय वेगळं म्हणत होतो?"

"मलाही तसंच वाटतंय," वेन्ला म्हणाली. "पण मोजल्याशिवाय म्हणणार नाही. तळ्यात तुम्ही काही टाकलं का?"

"काही नाही," काउको म्हणाला आणि मीही मान हलवली. आम्ही दोघं खरंच सांगत होतो.

तिने चराचं पाणी भरून घेतलं, तळ्याचंही घेतलं. दोन्ही बारीक गाळायची, दोन्हींत सारखेच जीवाणू सोडायचे, अंधारात ठेवायचं आणि कुठे किती वाढतात ते बघायचं. मधल्या दिवसांत काउको सावनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर शेवाळाच्या घमेल्यांशी बसून होता. सावना तापवली नाही, दाढी केली नाही. मी नवे बटाटे शेपू घालून उकडून नेले, ते तसेच राहिले.

वेन्ला परत आली ती आमच्याहून जास्त गोंधळलेली.

"उलटं आलं," ती म्हणाली. "मला वाटलं मीच बाटल्यांची अदलाबदल केली. म्हणून सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. चराच्या तपकिरी पाण्यात जीवाणू जेमतेम वाढले. आणि तुमच्या या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात नुसती झुंबड."

"हे कसं शक्य आहे?" मी म्हणाले. "ते पाणी बघ गं! काय काय असेल त्यात!"

"आहे ना, खूप आहे. पण फार जुनं. दलदलीत कुजून कुजून त्यातलं खाण्यासारखं ते खाऊन झालंय, उरलंय ते चिवट. जीवाणू त्यावर झटत बसतात, पोट काही भरत नाही. ताज्या हिरव्या पानांचा रस वेगळा. त्याला फारसा रंग नसतो, पण तो त्यांना गोडधोड. तुमच्या तळ्यात कुणीतरी जेवणावळ घातलीय. कुणी ते मला कळत नाही. जुलैमध्ये पानं गळत नाहीत." ती थांबली. मग काउकोकडे न बघता हळूच म्हणाली, "आणि चराचं पाणी दगडांवरून उड्या मारत यायचं. ते हवा घेऊन येत असावं."

म्हणजे जे विष म्हणून आम्ही अडवलं, त्याच्यावरच रापू जगत होते? काउकोने तोंड दोन्ही हातांत धरलं. मला वेन्लाचाच राग आला, उगीच. आधी एक सांगते, मग दुसरं; आम्ही काय धरायचं आणि काय सोडायचं?

तिला तळ्याच्या मध्यावर तळापर्यंत मोजायचं होतं. वल्ही मारत मी होडी मध्यावर नेली. तिने तार सोडली आणि ती अडकली. ओढली, येईना. मग मी आकडी घातली आणि दोघींनी मिळून ओढलं. वर आलं ते बर्चचं कोवळं झाड. अख्खं, पानांसकट. पानं काळपट आणि बुळबुळीत झालेली, बुंध्याला निळ्या दोरीने दगड बांधलेला. कुबट वास सुटला.

"आणखी आहेत," वेन्ला पाण्यात वाकून म्हणाली.

दुसरं निघालं, त्याला गवताचे भारे बांधायचा सुतळीदोर. तिसऱ्याला कपडे वाळत घालायची दोरी. चौथ्याला कुणाची तरी जुनी चामडी पट्टी. पुढे मी मोजायचं सोडून दिलं. होडी हिरव्याकाळ्या फांद्यांनी भरली आणि खाली अजून जाळी होतीच.

बर्च बघितला आणि मला अंधुक उजेड पडायला लागला. युहान्नुसला, उन्हाळ्यातल्या सणाला, आमच्याकडे प्रत्येक घराच्या दाराशी दोन बाजूंना बर्चची दोन कोवळी झाडं तोडून उभी करतात. सण उलटला की ती काढतात. औने दर वर्षी कुणाकडून तरी एखादं मागून आणायची आणि दगड बांधून तळ्यात बुडवायची. रापूंच्या पिल्लांना लपायला फांद्या, कुरतडायला पानं. एखादं झाड एवढ्या तळ्याला पचायचं. पण या युहान्नुसला आम्ही घरी नव्हतोच. औनेशिवायचा पहिला सण काउकोला घरात सोसवला नसता, म्हणून मी त्याला गाडीत घालून ताम्पेरेला, त्याच्या मुलीकडे आठवडाभर घेऊन गेले होते.

काठावरून काउको ओरडला, "कुणी केलं हे? आर्मासने?"

"एकट्या आर्मासला इतकी दारं नाहीत!" मी ओरडले.

होडी लावली आणि तशीच चिखलाच्या बुटांनी दुकानात गेले. गावात काय झालं ते दुकानवाल्या लेम्पीला माहीत नसेल तर कुणालाच नसतं.

"काउकोच्या तळ्यात बर्च कुणी टाकले?"

लेम्पी कानापर्यंत लाल झाली. "मी. एकच टाकला. औने दर वर्षी मागायची ना. या वर्षी मागायला कोण येणार? म्हणून मीच नेला. तुमच्या दाराला कुलूप होतं."

"एकच? अगं, तिथे जंगल आहे!"

"मला वाटलं, फक्त माझ्याच लक्षात आहे."

सॉसेजचं पाकीट घेऊन उभा असलेला टपालवाला खाली बघत म्हणाला, "मीपण टाकला." दुधाच्या कपाटाशी उभी असलेली बाई वळली. ती बोलली नाही, पण तिची मान खाली गेली आणि मला कळलं.

"अरे, मग त्याच्याकडे जाऊन दोन शब्द बोलायचे होते!" माझा आवाज चढला. "झाडं कसली बुडवता!"

"काय बोलायचं?" लेम्पीने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच माहीत नव्हतं. मी तरी पावाशिवाय कशाबद्दल बोलले होते?

काउकोला मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. एकदा उठला, परत बसला.

"म्हणजे सगळ्यांनी? तिच्यासाठी?"

"हो."

"आणि त्यानेच रापू मेले."

"हो."

"मग मी आता कुणावर रागवू, हिल्का?"

"मला माहीत नाही रे," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्हींची लाज वाटत होती.

तो उठला आणि आर्मासच्या घराकडे चालायला लागला. मी मागे. आर्मास बटाट्याच्या वाफ्यात पाण्यात उभा होता. काउको कुंपणाशी थांबला.

"तूही टाकलास?"

"दोन्ही टाकले," आर्मास म्हणाला. "दाराचे दोन्ही."

काउकोने वाफ्यात साचलेल्या पाण्याकडे पाहिलं.

"बांध फोडायचाय," काउको म्हणाला. "फावडं आहे का?"

"फावडं कधीचं काढून ठेवलंय. मग मनाशी म्हटलं, त्याला फोडायचं नाही तर नाही. त्याचं आधीच बरंच मोडलंय."

दुपारपर्यंत तळ्यावर गाव जमलं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. लेम्पी दुकान बंद करून आली, टपालवाला आकड्या घेऊन आला. ज्याने त्याने बहुधा आपापली दोरी ओळखली असेल, पण सगळे समोर येईल ते ओढत होते. काठावर काळ्या पाल्याचा ढीग झाला. काउको आणि आर्मासने मिळून बांध उपसला. चर आधी गुडगुडला, मग धो धो वाहायला लागला, आणि कडक चहा दगडांवर फेसाळत तळ्यात शिरला.

त्या दिवशी गवतावर एकही रापू आला नव्हता. हे लक्षण चांगलं की वाईट? सगळे वेन्लाकडे बघायला लागले. ती म्हणाली, "आत कुणी उरलंच नसेल तर बाहेर कोण येणार? किंवा चराच्या तोंडाशी हवा असेल तिथे गेले असतील. मला खरंच सांगता येत नाही." शेवाळाच्या घमेल्यांत जेमतेम मूठभर तगले होते, तेही सुस्त. तेवढ्यांवर तळं पुन्हा उभं राहत नाही, हे ती बोलली नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

चराच्या तोंडाशी पाणी इतकं तपकिरी की वीतभर खालचं दिसेना. काउको कपड्यांसकट पाण्यात उतरला, कमरेपर्यंत. बाही वर करून दगडांच्या फटीत हात घातला. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. काठावर सगळे श्वास रोखून उभे होते. कितीतरी वेळ काहीच नाही. मी मनात म्हणाले, आता पुरे, बाहेर ये बाबा.

आणि तो किंचाळला.

हात वर आला तेव्हा त्याच्या बोटाला एक भलामोठा रापू लटकत होता, नांगी करकचून मिटलेला, शेपटी फटाफट आपटणारा. रागावलेला आणि जिवंत. काउकोने दुसरा हात घातला, पुन्हा ओरडला. "आहेत! अरे, फटीफटीत आहेत, सगळे इथे येऊन बसलेत!"

कुणी ओरडलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही तसली माणसं नाही. आर्मासने टोपी काढली, एवढंच.

काउको पाण्यातच उभा होता. रापू बोट सोडत नव्हता आणि तोही सोडवत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून टपटपत होतं.

"फार चावला का?" आर्मासने विचारलं.

"बोट गेलं खड्ड्यात," काउको सगळ्या गावासमोर हुंदका देत म्हणाला. "मला औने हवी आहे."

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आता पुन्हा हवापाण्यावर येतील, असं मला वाटलं. पण लेम्पी बुटांसकट पाण्यात उतरली, त्याच्याजवळ गेली, रापूची नांगी हळूच सोडवली आणि त्याचा हात हातात धरून ठेवला.

"मलाही," ती म्हणाली. "मलाही हवी आहे, काउको."